चामराजपेटेतलं सत्र

आमच्या वेळी पुण्याच्या अभियांत्रिकीत ‘सँडविच’ नावाचा अभ्यासक्रम असे: अलीकडे कॉलेज, पलीकडे कॉलेज आणि मध्ये एक अख्खं सत्र कारखान्यात. बरोबरीची बहुतेक मुलं त्या सत्रासाठी पिंपरी-चिंचवडला पांगली. मी मात्र 1986च्या जानेवारीत मिरजेला गाडी बदलली आणि मीटर गेजच्या डब्यात रात्रभर हेलकावत, धारवाड, हुबळी, दावणगेरे मागे टाकत बंगळुराला उतरलो. पासपोर्ट लागला नव्हता, पण आज जर्मनीला किंवा सिंगापूरला जाणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात जे होतं ते सगळं मला झालं. पाट्या वाचता येईनात, बस ओळखता येईना, आणि संध्याकाळी भाताबरोबर ताटात आलेल्या सारूचा मिरी-हिंगाचा वाफाळता वास नाकात गेला की आईच्या आमटीची आठवण येऊन घास घशात अडके.

राहायला जागा मिळाली चामराजपेटेत. 1892 साली, दहाव्या चामराज वडियारांच्या नावाने वसवलेली ही पेट. सरळ आखलेले ‘मेन’ आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’, एवढं ध्यानात ठेवलं की नवखा माणूससुद्धा घरी पोहोचे. आमचं वठार म्हणजे मधल्या चिंचोळ्या अंगणाभोवती ओळीने बिऱ्हाडं, सगळ्यांचा मिळून एक नळ, लाल कोब्याची जमीन, जी उन्हाळ्यात दुपारी उघड्या पाठीला इतकी गार लागे की उठवत नसे, आणि रस्त्याकडच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार कमानी, ज्यांतून सकाळचं ऊन चिरफळ्या होऊन आत येई. पहाटे जाग यायची ती खराट्याच्या आवाजाने, मग सड्याच्या पाण्याची सपसप, मग रांगोळीच्या पुडीची जवळजवळ न ऐकू येणारी सरसर, आणि त्यामागोमाग पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरणाऱ्या डिकॉक्शनचा तो दाट, किंचित जळका सुगंध, जो भिंती ओलांडून सगळ्या बिऱ्हाडांत एकाच वेळी शिरत असे.

घरमालकीणबाईंना सगळे अज्जी म्हणत, मीही म्हणू लागलो. संक्रांतीला त्यांनी माझ्या ओंजळीत एळ्ळु-बेल्ल ठेवलं: पांढरे तीळ, भाजलेले दाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक चिरलेले चौकोन, वर साखरेचा छापाचा पोपट आणि उसाचं कांडं. ते खोबरं आणि तो गूळ चिरण्यात घरातल्या बायकांच्या कितीतरी दुपारी गेलेल्या मी पाहिल्या होत्या. विळीवर बसलेल्या त्या बोलत असत आणि मला त्यातला एकही शब्द कळत नसला तरी दारात बसून ते ऐकायला आवडे.

कारखाना किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा, 1946 सालचा, मल्लेश्वरमच्या पश्चिमेला. बस त्या बाजूला वळली की सरकारी साबण कारखान्याकडून चंदनाचा वास येई आणि घामेजलेली, खचाखच भरलेली बस क्षणभर गप्प झाल्यासारखी वाटे. मला वाइंडिंगला घातलं होतं. स्टेटरच्या खाचांत इन्सुलेशनचा कागद सारायचा, तांब्याच्या तारा बोटांनी एकेक बसवायच्या, दोऱ्याने आवळून बांधायच्या, मग व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायच्या. त्या व्हार्निशचा उग्र, गोडसर दर्प शर्टातून धुऊनही जात नसे. शिकवणारे मेस्त्री मला ‘पूना’ म्हणून हाक मारत. आमच्यात सामाईक भाषा जवळजवळ नव्हतीच. ते माझा हात धरून तारेवर किती दाब द्यायचा ते दाखवत, आणि आजही कुठली मोटर एकसुरी घुमताना ऐकली की माझ्या अंगठ्याला तो दाब आठवतो.

एकादशीला वठारात टेपरेकॉर्डर लागे आणि त्यातून भीमसेन जोशी कानडी दासवाणी गात. मी त्यांचे अभंग ऐकत वाढलेला, ते माझ्या पुण्याचे. अज्जींच्या लेखी ते गदगचे, म्हणजे अर्थातच त्यांचे. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा आली की अज्जी हात जोडत, आणि न कळणाऱ्या त्या पदात माझा विठोबा मला अचानक भेटे. पेटेतल्या एका नामदेव शिंप्याच्या दुकानात, कोळशाच्या इस्त्रीच्या वाफेत, म्हातारेबुवा माझ्याशी मराठीत बोलत, कानडी हेल काढून, शब्दांना भलत्याच ठिकाणी झोका देत. शहाजीराजांना बंगळुराची जहागीर मिळाली हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं. त्या काळापासूनच्या येण्याजाण्याचा आवाज मी तिथे ऐकला. हे जाणं दोन्ही बाजूंचं होतं. विश्वेश्वरय्या बंगळुराहून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आले आणि 1883 साली तिथून पास झाले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण असताना, 1915 मध्ये, कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली, आणि तिची इमारत आमच्या वठारापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. घरच्या ओढीने जीव कासावीस झाला की मी त्या इमारतीवरून चक्कर मारून येई.

चैत्रात फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव उभा राहिला. 1939 पासून चालत आलेला, महिनाभर लांबणारा. मंडपात जागा नसली तर लोक बाहेर रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्रं अंथरून बसत. मेस्त्री आणि मी तिथेच बसायचो. मोगऱ्याचे गजरे, दिवसभर तापलेली धूळ, सुंठ-वेलची घातलेलं पानक, मोहरीची फोडणी दिलेली काकडी-मुगडाळीची कोसंबरी, आणि कर्ण्यातून येणारं व्हायोलिन. मेस्त्री मांडीवर ताल धरत. कर्नाटक संगीताचा मला गंधही नव्हता, त्यांचा हात बघत बघत मी आदितालाच्या आठ मात्रा मोजायला शिकलो.

अलीकडे गेलो तेव्हा वठाराच्या जागी पार्किंगवर उभी चार मजली इमारत होती आणि पेटेतल्या खिडक्यांवरच्या लाकडी कमानी शोधाव्या लागत होत्या. वाईट वाटलं, पण त्या एका नळापाशी पहाटे चारला उभ्या राहणाऱ्या बायका आठवल्या, आणि नव्या घराघरांतलं पाणी बरंच वाटलं. 2017पासून के. आर. मार्केटहून सँडल सोप फॅक्टरीपर्यंत थेट मेट्रो जाते. डब्यात चंदनाचा वास येत नाही, पण समोर बसलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली मुलगी उशिरा रात्री एकटी, निर्धास्त घरी निघाली होती.

तुमच्या घरातलं कुणी इंटर्नशिपसाठी बंगळुराला निघालं असेल तर त्याला ऑफिसजवळच्या चकचकीत पीजीत ठेवू नका. चामराजपेटेत किंवा बसवनगुडीत एखादी खोली बघा. रामनवमीचा मंडप अजून पडतो, आणि बाहेर रस्त्यावर बसून ऐकायला पैसे लागत नाहीत.