लागर आणि वखार

उबेत आंबवलेल्या, हॉप्सने घमघमणाऱ्या बियरला लागर म्हणावे का, हा वाद अर्धा शब्दाचा आहे. जर्मन भाषेत ‘लागर’ म्हणजे साठवणीची जागा, वखारच. बव्हेरियात १५५३पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बियर करायला मनाई होती. हिवाळ्यात केलेली बियर गार तळघरांत ठेवायची आणि तिच्यावर उन्हाळा काढायचा. निपाणीकराला हे समजावून सांगावे लागत नाही. वखारीत मुरल्याशिवाय तंबाखू तयार होत नाही, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते.

लागरचे यीस्ट संकरित आहे. एक पालक पाव-दारूचे नेहमीचे यीस्ट, दुसरा थंडीत काम करणारा. या दुसऱ्याची ओळख २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलातून पटली. साधारण ८ ते १३ अंशांत हे यीस्ट संथ चालते, फळांसारखे वास कमी सोडते आणि बियर नितळ राहते. ऊब दिली की काम आठवड्यांऐवजी दिवसांत उरकते, पण वास वाढण्याचा धोका असतो. १८४९नंतर सोन्यासाठी कॅलिफोर्नियात लोंढे लोटले. तिथे बर्फ मिळेना, तेव्हा लागरचे यीस्ट उबेतच, उथळ भांड्यांत चालवले गेले. गरजेतून निघालेल्या त्या बियरला आज कॅलिफोर्निया कॉमन म्हणतात. आता मात्र हौसेने १८-२० अंशांवर आंबवतात. वाइहेनस्टेफानचा ३४/७० हा लागर-यीस्टचा वाण त्या उबेतही बराच सभ्य वागतो. पावसाळ्यातल्या बेळगावची हवा रात्री साधारण याच बेताची असते. पण आंबताना रस स्वतःच तापतो, त्यामुळे तिथेही गारव्याची सोय लागतेच.

प्रस्तुत लेखकाने अशी बियर प्रथम चाखली ती पुण्यात. तिथे २००९ मध्ये डूलालीपासून सूक्ष्म मद्यशाळांचे दिवस सुरू झाले होते. दुकानाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. फलकावर ‘लागर’ लिहिले होते, वाढणाऱ्याने किण्वन १९ अंशांवर झाल्याचे अभिमानाने सांगितले, आणि तो अभिमानच खटकला. न मुरवलेला माल मुरलेल्याच्या नावाने विकला तर निपाणीत व्यापारी तंबाखूचे बोद परत पाठवतो. पण वाढणाऱ्याला विचारल्यावर कळले की आंबून झाल्यावर बियर तीन आठवडे शून्याच्या आसपास ठेवली होती. वखार चुकवलेली नव्हतीच. तक्रारीचा मुद्दा तिथेच गेला, राग मात्र थोडा उरला.

वासाने तो उतरवला. हॉपची फुले हातावर चोळली की पिवळी भुकटी सुटते. कारागीर ती नाकाशी धरून माल निवडतो, थेट तंबाखू मुठीत चोळणाऱ्या दलालासारखा. (कुळे मात्र वेगळी: हॉप गांजाचा भाऊ, तंबाखू वांग्या-मिरचीचा.) उकळताना हॉप्सचा कडवटपणा उतरतो, पण सुवासिक तेले वाफेबरोबर उडतात, म्हणून वासासाठीची हॉप्स आंबवण सरत आल्यावर किंवा नंतर घालतात. त्या पेल्यात लिंबाची साल, ओला पाचोळा आणि राळेचा किंचित तिखट वास होता. कडवटपणा जिभेच्या मागे आला, घशाशी थांबला आणि साफ निघून गेला. ठसका नाही, गोडसर चिकटही नाही. तो स्वच्छ शेवट लागरचाच, हे मान्य करावे लागले.

हॉप्सचा एवढा मारा कधी चवीसाठी असतो, कधी पांघरुणासाठी, आणि गार पेल्यात दोन्ही सारखेच लागतात. म्हणून अशी बियर चाखताना थोडी तापू द्यावी. पेला निम्मा होईपर्यंत त्यातली थंडी गेली, लिंबाची साल ओसरली आणि खालून पिकल्या केळ्याचा पुसट वास वर आला. लागरमध्ये नेमका तोच नको असतो. वाढणाऱ्याला तो वास दाखवावा की नको, यावर थोडा वेळ गेला. दुसरा पेला मागवला आणि गार असतानाच संपवला.