शाळेतून निघालेली नाव

चि. मृण्मयीस,


पत्र पोचलं. राष्ट्रीय स्पर्धेत वल्हं मारणारी पोर शेवटी शाळामास्तरीणच झाली, असं लोक म्हणतात आणि ते तुझ्या मनाला लागलंय. म्हणून तुला कार्ल अ‍ॅडम आणि हान्स लेंक या गुरुशिष्यांबद्दल लिहायला बसले.

१९६०, रोम ऑलिंपिक. अल्बानो सरोवरावर आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीत जर्मन नाव पहिली आली. १९२० पासून सलग आठ ऑलिंपिकांत हे सुवर्णपदक अमेरिकेनंच नेलं होतं! त्या नावेत लेंक होते. पुढे, १९६६ मध्ये जगज्जेता ठरलेला जर्मन संघ त्यांनीच तयार केला आणि मग कार्ल्सरूहच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आयुष्य घालवलं.

त्यांना घडवणारे अ‍ॅडम हे राट्सेबुर्ग या तळ्याकाठच्या लहानशा गावातले शाळामास्तर. गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले. खेळाडू म्हणून ते मुष्टियोद्धे, १९३७ चे विद्यार्थी जगज्जेते. नौकानयनाच्या स्पर्धेत ते स्वतः कधी उतरलेच नव्हते. मला वाटतं, म्हणूनच 'पूर्वापार असंच करतात' हे उत्तर त्यांना पटत नसे. थोडं अंतर जीव तोडून जायचं, दम घ्यायचा, पुन्हा सुटायचं, हा धावपटूंचा सराव त्यांनी पाण्यावर आणला. पोरांना वजनं उचलायला लावली. वल्ह्याची पाती रुंद केली. डावं-उजवं असं एकाआड एक वल्हं लावायची रीतही बदलून पाहिली.

मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. सराव कसा करायचा, यावर अ‍ॅडम पोरांशी चर्चा करत, त्यांचं म्हणणं ऐकून घेत. त्या काळी प्रशिक्षक म्हणजे हुकूम सोडणारा माणूस! लेंक यांनी पुढे या लोकशाही पद्धतीवर आवर्जून लिहिलं. आपल्या गुरूच्या शिकवण्याकडे शिष्यानं इतक्या गांभीर्यानं पाहावं, याहून मोठा मान शिक्षकाला कोणता?

१९६८ मध्ये मेक्सिकोतही अ‍ॅडम यांच्या आठ जणांनी सुवर्णपदक मिळवलं.

तुझ्यापाशी तर पाण्यावरचा अनुभवही आहे, जो त्यांच्यापाशी नव्हता. तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंना होकार कळव, रोइंगचा संघ हाती घे. आणि 'बाई, हे असंच का?' असं एखादीनं विचारलं, तर सराव थांबवून तिला नीट उत्तर दे.

तुझी,
मावशी