डोक्यातला खुळखुळा

आमच्या शेजारचा मुलगा चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडीचे काम करतो. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता त्यालाही खेळाची ओढ लागली. आपल्याकडील कित्येक व्यावसायिक गोल्फपटू असेच कॅडीपणातून वर आले आहेत, तेव्हा त्याच्या स्वप्नाला हसण्याचे कारण नाही. सहा महिने पैसे साठवून त्याने एक वापरलेला ड्रायव्हर घेतला. लांबचा पहिला फटका मारतात ती ही काठी. घरी आणून हलविली, तो तिच्या डोक्यात काहीतरी खुळखुळू लागले. विकणाऱ्याने हात झटकले, "सगळ्याच वाजतात."

"काका, तुम्ही टूलरूममध्ये होतात ना? तेवढं बघा की," म्हणत तो रात्री आमच्या दारात उभा राहिला.

आमची हयात साचे आणि गेज यांत गेली. गोल्फची काठी मात्र आम्ही प्रथमच हाती धरीत होतो. पूर्वी हे डोके पर्सिमन नावाच्या झाडाच्या भरीव लाकडाचे असे. १९७९ नंतर पोलादाची पोकळ डोकी रुळली, पुढे टायटॅनियमची आली. आज नियमाप्रमाणे त्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत चालते आणि वजन असते अवघे २०० ग्रॅमच्या आसपास. जवळजवळ अर्ध्या लिटरची पोकळी, आणि भोवती पातळ पत्रा! अशा ठिकाणी तांदळाएवढा कण सुटला तरी तो घंटेच्या लोलकासारखा बोलणारच.

आम्हांला भीती होती ती तड्याची. डोक्याचा दर्शनी पत्रा तडकला असेल तर मुलाचे पैसे बुडाले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्यावर शाई चोळली, पुसली आणि भिंगातून पाहिले. तडा असता तर शाईची रेघ मागे राहिली असती. ती नव्हती. नाण्याने चोहीकडे ठोकून पाहिले. नाद सर्वत्र सारखा. आमच्याइतकाच तोही श्वास रोखून बसला होता.

मग तळाचा वजनाचा स्क्रू काढला. विजेरीच्या उजेडात दिसला तो गुन्हेगार: दांडा बसविताना आत ओघळलेल्या इपॉक्सीचा, वाळून सुटलेला हरभऱ्याएवढा गोळा. स्क्रूचे भोक मात्र त्याहून लहान. वाकविलेल्या तारेने तासभर त्याचा पाठलाग केला. तो काही सापडेना. आमची मंडळी म्हणाली, "उंदरामागे लागल्यासारखे काय करता?" आणि गंमत अशी, की त्यावरचा उपायही उंदराचाच! असे कण धरून ठेवण्यासाठी कारखान्यांतही डोक्यात कधीच पूर्ण न सुकणारा चिकट गोंद सोडतात आणि इंग्रजीत त्याला उंदराच्याच नावाने ओळखतात. आम्ही दुकानातून उंदीर धरण्याच्या गोंदाची नळी आणली, गरम पाण्यात ठेवून पातळ केली आणि काट्यावर तोलून २ ग्रॅमच आत सोडला. तेवढ्याने काठीचे झोकातले वजन साधारण एका अंशाने वाढते. अधिक घातला तर ती हाताला जड लागते.

सकाळी आवाज बंद. आम्ही स्वतःवर खूश! संध्याकाळी मुलगा पडलेल्या चेहऱ्याने परतला. "काका, आवाज गेला, पण फटकाही बसका झाला."

चूक आमचीच होती. रात्रभर डोके दर्शनी बाजूवर पालथे ठेवले होते, त्यामुळे गोंद गोळ्यासकट नेमका तेथेच थिजला. चेंडूशी गाठ पडते जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्यात तो पत्रा दबून उसळायचा असतो, आणि आम्ही त्याच्याच पाठीवर ओझे लादले होते. चाळीस वर्षे कारागिरी केलेल्या माणसाला ही गोष्ट आधी सुचू नये!

सूनबाईंचे केस वाळविण्याचे यंत्र मागून घेतले. बाहेरून बेताची ऊब देत डोके हळूहळू कलवीत गेलो. गोळा दांड्याजवळच्या कोपऱ्यात उतरला, तेव्हा त्याच बाजूवर दोन रात्री ठेवले. स्क्रू पुन्हा बसविला. तिसऱ्या दिवशी मुलगा मैदानावरून आला तो सरळ आमच्या कानाशी काठी धरून हलवू लागला. आत शांतता. फटक्याचे त्याने काही सांगितले नाही. चेहरा सांगत होता.

"कधी विकलीस तर आत गोळा आहे हे घेणाऱ्याला सांगायचे, बरे का," आम्ही म्हणालो.

"विकतोय कोण, काका?" तो म्हणाला आणि जिना उतरून गेलाही.