मनीलाही दिवस गेले होते

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, ही आपल्याकडची रीत. गेल्या उन्हाळ्यात आमची ताई अशीच लातूरहून नांदेडला आली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत. आणि दाजींनी म्हणे गाडी ताशी ४० च्या वर जाऊच दिली नाही. मीही पुण्याहून लॅपटॉप उचलून घरी आलो होतो (वर्क फ्रॉम होम झिंदाबाद!). आणि त्याच आठवड्यात आमच्या मागच्या अंगणात आणखी एक पाहुणी मुक्कामाला आली. तिला आणायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

ही मनी. तीन रंगांची, गल्लीतली मांजर. आमची म्हणावी तर रात्र कुठं काढते ते ठाऊक नाही, आमची नाही म्हणावी तर सकाळी दुधाच्या पातेल्याचा आवाज झाला की दारात हजर. दोन वर्षं हे असंच चालू होतं. त्या आठवड्यात मात्र ती गेलीच नाही. कूलरच्या स्टँडखाली, जिथं पाणी ठिबकतं तिथं, आडवी पडून राहिली. नांदेडचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. पण आईनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "हिलाबी दिवस गेलेत."

आई तिला 'गाभण' म्हणाली नाही, हे मी तेव्हाच टिपलं.

आता खरी अडचण सांगतो. ताईचं हे दुसरं गरोदरपण. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्यामुळे यावेळी घरात सगळे जण जरा दबक्या पावलानंच वावरत होते. लातूरहून ताईच्या सासूबाईंचा रोज फोन. त्यांना मनीचं कळलं (दाजींनीच सांगितलं, दुसरं कोण?) आणि त्यांनी सरळ सांगितलं, "पोटुशी बाई घरात असताना मांजर नको. पोराला अपाय होतोय. नाहीतर पोरीला लातूरला पाठवा." शेजारच्या काकांनी तर उपायही सुचवला - पोत्यात घालून गोदावरीच्या पलीकडे सोडून या.

अशा वेळी 'अंधश्रद्धा' म्हणून हात झटकणं सोपं असतं. पण मंडळी, सासूबाईंच्या भीतीला आधार आहे. त्या आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, आणि बाईला गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना नि मेंदूला इजा होऊ शकते. ज्या बाईचं एक मूल आधीच गेलंय, तिच्या घरच्यांना हे ऐकून झोप कशी लागावी?

म्हणून मी ताईच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. मांजर हा परजीवी विष्ठेतून बाहेर टाकतं ते बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यावर, १ ते ३ आठवडे. बाहेर पडल्यावरही तो लगेच बाधत नाही, त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराच टळतो. आणि लागण होण्याचे मोठे रस्ते वेगळेच आहेत - अर्धंकच्चं मटण, न धुतलेली भाजी, माती. "मांजर हाकलू नका. पण हिनं तिला हात लावायचा नाही, पिल्लांना तर मुळीच नाही. घाण हिनं काढायची नाही. कुंडीतल्या मातीत हात घालायचा नाही. बास."

झालं. माझ्यातल्या इंजिनिअरला नियमावली मिळाली. मागच्या अंगणात एका जुन्या घमेल्यात वाळू भरून ठेवली, रोज सकाळी हातमोजे घालून साफ करायचं काम माझं. स्टँडअप मीटिंगच्या आधी. तुळशीला पाणी घालणं आईकडे. ताई आणि मनी यांच्यामध्ये खिडकीची जाळी. घरच्या भाषेत सांगायचं तर सोवळं, ऑफिसच्या भाषेत फायरवॉल :)

पण सासूबाईंचं समाधान डॉक्टरांनी नाही झालं, ते आईनं केलं. आई फोनवर म्हणाली, "ताई, सटवाई पुजता ना तुम्ही? मग तिच्या वाहनाला कसं हाकलायचं?" हे आईला कुठून कळलं देव जाणे, पण गोष्ट खरी आहे. बाळाचं नशीब लिहायला येते ती आपली सटवाई म्हणजे षष्ठी देवी, आणि बंगालात तिचं वाहन मांजर. तिथं तिची एक कथाही सांगतात. घरातली सून स्वतः चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मग ते मांजर तिचं प्रत्येक मूल उचलून देवीकडे नेऊन ठेवतं. तात्पर्य सांगायची गरज नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं, पण जपा." यातलं 'जपा' दोघींसाठी होतं असं मी धरून चाललो.

आता जपायचं म्हणजे काय करायचं?

पहिला प्रश्न तारखेचा. मांजराचे दिवस साधारण ६३ ते ६५. म्हणजे नऊ आठवडे. पण सुरुवातीची तारीखच माहीत नसेल तर हिशोब कुठून करणार? तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रं गुलाबी होतात, पाचव्यापासून पोट दिसायला लागतं, एवढ्यावरून अंदाज. मी दोन प्लॅस्टिकचे क्रेट तोंडाला तोंड बांधून त्यात मनीला घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथं रांगेत म्हशी, शेळ्या, आणि एक लाल कंधारी गाय. गंमत बघा, लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावानं गाईची एक जात आहे, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या नावानं दुसरी. जनावरांसाठी एवढं नाव कमावलेला आपला मुलूख, पण मांजर घेऊन आलेला माणूस म्हटलं की अख्खी रांग वळून बघते. "मांजरीला कामून आणलं?" एका आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, "दिवस गेलेत." आजोबांनी आपली शेळी बाजूला घेतली आणि मला पुढं जागा दिली.

डॉक्टर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. (हे कॉलेज आपल्या लातूर जिल्ह्यातच आहे, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत. आजूबाजूला कुणाच्या जनावराचं काही अवघड झालं तर लक्षात असू द्या.) त्यांनी हलक्या हातानं पोट चाचपलं आणि म्हणाले, "सहावा आठवडा असावा. आता तुम्ही उगीच दाबून बघू नका." आणि मग एकेक सांगत गेले.

दूध कमी करा. मोठ्या मांजरांना बहुधा गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसत्या दूध-भाकरीवर गाभण मांजर निभत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर पिल्लं पोटातच जिरतात किंवा अशक्त जन्मतात. आमचं घर शाकाहारी! शेवटी तोडगा निघाला तो असा: पिल्लांसाठी मिळतं ते कॅटफूड (गाभण मांजरीला तेच देतात, त्यात ताकद जास्त असते), आणि अंगणात, वेगळ्या भांड्यात, मी शिजवलेलं चिकन. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विषारी. हाडं काढून. शेवटच्या आठवड्यांत पोटात जागाच नसते, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी मातीच्या भांड्यात, दोन ठिकाणी, सावलीत.

आणि दोन गोष्टी डॉक्टरांनी बोट नाचवून सांगितल्या. एक, मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एक गोळी जीव घेऊ शकते. दोन, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर तेही जिवावर बेततं. आपल्याकडे 'काहीतरी देऊन बघू' ही सवय फार, म्हणून मुद्दाम लिहितोय. लशीही त्यांनी पिल्लं झाल्यावर बघू म्हणाले. जिवंत विषाणूंची लस गाभणपणात देत नाहीत. आणि तोवर ती चावली-ओरखडली तर जखम साबणानं १५ मिनिटं धुऊन सरळ दवाखाना गाठायचा. रेबीज मांजरातूनही होतो.

आता प्रश्न जागेचा. आई तेव्हा बाळासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होती. उरलेल्या तुकड्यांची तिनं एक छोटी वाकळ मनीसाठी शिवली. मी खोकं आणलं, एका बाजूनं बुटकं कापलं, कोपऱ्यात अंधारात ठेवलं, वर चादर टाकली. सगळं व्यवस्थित. मनी आली, वास घेतला, आत एक पाय ठेवला आणि निघून गेली. दुसरं खोकं ठेवलं माळ्याखाली. तिसरं बाथरूमच्या मागे. तीन ऑप्शन, युजरनं तिन्ही रिजेक्ट.

बाबा म्हणाले, "आत घे आणि दार लाव. बाहेर बोके हिंडायलेत." मुद्दा चुकीचा नव्हता, बोके पिल्लं मारतात. पण दोन वर्षं मोकळी हिंडलेली मांजर कोंडली की ती बसते थोडीच? ती दारं ओरबाडते, खाणं सोडते, आणि सुटली की इतकी लांब जाते की हाताशी काही राहत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. लोकांना वाटतं ती तिची खोड. ती खोड नाही, ती तिची सुरक्षा व्यवस्था आहे. वास मागे राहिला, कुणी फार डोकावलं, की जागा बदल. आपण जितकं डोकावणार तितकी घरं वाढणार.

म्हणून आम्ही दार लावलं नाही. खोकी तिथंच ठेवली, रोज खाणं-पाणी त्याच वेळी, आणि बघायचं ते लांबून.

या सगळ्यात ताई दुपारभर खिडकीशी बसून असायची. तिला दिवसभर सूचना चालू असायच्या. हे खा, ते खाऊ नको, डावीकडं झोप, पायऱ्या चढू नको, फोन जास्त बघू नको. प्रेमानंच सगळ्या. सासूबाई, आई, मी, वर व्हॉट्सअॅपवरच्या मावश्या. एक दिवस जाळीतून मनीकडे बघत म्हणाली, "तिला कुणी काही विचारत नाही बघ. ती फक्त जागा शोधायली." मी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मला भीती वाटायली रे. पण घरात बोलायची सोय नाही. मी घाबरले म्हटलं की सगळेच घाबरतात."

ताई तिसऱ्या महिन्यानंतर हे पहिल्यांदा बोलली होती. मी काही उत्तर दिलं नाही. द्यायचं नसतं बहुतेक. तिच्याजवळ बसून राहिलो, आणि दोघं मिळून मनीकडे बघत राहिलो. त्या दिवसापासून आमची ती रोजची वेळच झाली. चार ते पाच, कॅलेंडर ब्लॉक करून. कधी ती बोलायची, कधी नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मनीनं चिकनला तोंड लावलं नाही. येरझाऱ्या, अंग चाटणं, मधूनच धापा. मला लक्षात ठेवायला सांगितलेलं एवढंच होतं: जोरानं कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन तास काहीच हालचाल नाही, तर डॉक्टरांना फोन. बाकी हात लावायचा नाही. रात्री एकच्या सुमाराला ती दिसेनाशी झाली. तिन्ही खोकी रिकामी. मी मोबाईलचा टॉर्च झाकून शोधतोय, तर खिडकीतून ताईचा दबका आवाज, "जिन्याखाली. रद्दीच्या मागं. मी जाताना बघितलं. जवळ जाऊ नको."

ताईला झोप लागत नव्हतीच त्या दिवसांत. रात्रभर ती आत, मी बाहेर ओट्यावर. मी घड्याळ बघायचो, ती कान देऊन ऐकायची. पहाटेपर्यंत तीन बारीक आवाज वेगवेगळे ओळखू यायला लागले. उजाडल्यावर मी लांबून डोकावलो. तीन पिल्लं, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये बरोबर मनीच्या मापाची जागा. वाकळ आम्ही नंतर, ती खायला आली तेव्हा, शेजारी सरकवून ठेवली. दोन दिवसांनी ती वाकळीवर होती.

पुढचंही सांगून टाकतो, कारण हे कुणी सांगत नाही. पिल्लं अंगावर पिताहेत तोवरही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्लं सुटल्यावर, दोन महिन्यांनी, मनीचं ऑपरेशन करून आणलं. दोन पिल्लं गल्लीतच ओळखीच्या घरी गेली. ताईला जूनच्या शेवटी मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. सासूबाई पाचवीच्या पूजेला लातूरहून आल्या आणि मागच्या दाराशी एक वाटी ठेवून आल्या. वाटीत दूध होतं. त्या दिवशी मी काही बोललो नाही.

रद्दीवाला मात्र दर रविवारी आमच्या दारात ओरडून जायचा, आणि आई त्याला आतूनच सांगायची, "पुढच्या महिन्यात ये रे बाबा. घरात बाळंतीण आहे."