आठ फुटांनंतर

प्लायची शीट मिळते आठ बाय चारची. आमच्या कॅम्पिंग ट्रेलरची भिंत दहा फुटांची. त्या दोन फुटांवरून दिघाशीच्या अंगणात माझं आणि काकांचं आठवडाभर वाजलं.

काका सुतार. कडेला कड भिडवा, मागून पट्टी मारा, विषय संपला! कपाटाला चालतं ते. इथे भिवंडीच्या कंटेनरवाल्या रस्त्यावर भिंत हादरणार, आणि पट्टी संपते तिथेच ताण साचतो. शिवाय आत आई झोपणार आहे, कपडे नाही.

मला तिरका जोड हवा होता. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे १२ मिमी प्लायला ९६ मिमी.

"एवढा माल वाया?" म्हणत रंधा काकांनीच उचलला. आधी दोन टाकाऊ तुकडे. वरचा ९६ मिमी मागे सरकवून दोन्ही एकदम तासले. प्लायचे थर पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्ट्या सरळ तर उतार सरळ, वाकल्या की तिथे खड्डा. मग एक तुकडा उलटा करून दुसऱ्यावर बसवायचा. उघडे थर इपॉक्सी पितात, म्हणून आधी एक पातळ हात. क्लॅम्प बेतानेच, नाहीतर सगळं बाहेर.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो तुकडा गुडघ्यावर मोडला. जोडाशेजारी लाकूड फाटलं, जोड तसाच.

"शीट आण," म्हणाले.