शेजारचा वाघ्या

कोंबड्या पाळणें हें शिक्षकाचें काम नव्हे, असें आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस आरंभींच बजावलें होतें. "सकाळीं व्याकरण शिकवावयाचें आणि संध्याकाळीं कण्यांची वाटी घेऊन कोंबड्यांच्या मागें धांवावयाचें, हें शोभतें काय?" असा त्यांचा प्रश्न होता. शोभतें कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं; परंतु तिन्हीसांजेला खुराड्याच्या दाराशीं उभें राहून एक, दोन, तीन अशी मोजदाद करण्यांत जें समाधान आहे, तें वह्या तपासण्यांत खास नाहीं.

आमचें घर कोंकणांत, दापोलीच्या बाजूस आहे. घरामागें परसूं, परसांत एक जुना फणस, चार पोफळी, आणि पलीकडे शेजारच्या काकूंच्या व आमच्या हद्दीवरचा जांभ्या दगडांचा गडगा. सन २०२३ च्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या कन्येनें कोंबड्यांचा हट्ट घेतला, आणि गिरिराज जातीचीं आठ पिलें घरीं आलीं. ही जात बंगलोरच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेली. अंगानें भारी, गांवठी कोंबडीपेक्षां अंडीं जास्त देणारी, आणि तरीहि परसांतले किडे व घरांतलें खरकटें खाऊन वाढणारी. त्यांच्या सोबतीला कन्येच्या आजोळाहून एक तांबडी गांवठी कोंबडी आली. कन्येनें जमाखर्चासाठीं एक वही घातली. तिच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत 'कोंबडीखातें' असें लिहिलेलें आहे. कण्या, भरडा, मानमोडीची लस, सर्व कांहीं तींत मांडलेलें असे. एक पिलूं घारीनें नेलें, त्याचीहि नोंद आहे. उरलेलीं सात वाढलीं, आणि २०२४ च्या जून महिन्यांत पहिलें अंडें मिळालें. तें कोणींहि खाल्लें नाहीं. चार दिवस कपाटांत ठेवून येणाऱ्या जाणाऱ्यास दाखविण्यांत आलें.

रात्रीसाठीं आम्हीं चिऱ्यांचें भक्कम खुराडें बांधलें होतें. मुंगूस, रानमांजर यांची तेथें डाळ शिजत नसे. दिवसां मात्र कोंबड्या मोकळ्या. दिवसा ढवळ्या त्यांना कोणाचें भय, असें आम्हांस वाटे.

आतां काकूंविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. त्यांचें वय सत्तरीच्या पुढचें. यजमान निवर्तले, मुलगा मुंबईस नोकरीला. आई एकटी असते म्हणून त्यानें एका मे महिन्यांत टोपलींतून कुत्र्याचें एक पिलूं आणून दिलें. तोच हा वाघ्या. दोन वर्षांत तो वासराएवढा झाला. काकू त्याला सांखळीला धरून फिरवीत असत. परंतु एकदां मांजर दिसतांच त्यानें असा हिसका दिला कीं, काकू पायरीवर पडल्या व त्यांचें मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहिलें. त्या दिवसापासून सांखळी खुंटीला गेली आणि वाघ्या मोकळा झाला. स्वभावानें तो मुळींच वाईट नव्हे. आमच्या कन्येचा चेंडू गडग्यापलीकडे गेला तर तो तोंडांत धरून आणून देई. रात्रीं काकूंच्या पडवींत दाराला पाठ लावून निजे. आणि तो तसा निजे म्हणून मुंबईस मुलाला झोंप येई.

आषाढांतल्या पावसानें गडगा एके ठिकाणीं ढांसळला. दुसऱ्या दिवशींच वाघ्या त्या खिंडींत उभा राहून कोंबड्यांकडे टक लावून पाहत असलेला आम्हीं पाहिला. तो भुंकत नव्हता. अंग ताठ, शेपूटहि हालत नव्हती. कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षां त्याच्या अशा निश्चळपणाचें भय अधिक बाळगावें, हें आम्हांस पुढें कळलें. आठवड्यानंतर तांबडीच्या शेपटीचीं चार पिसें अंगणांत सांपडलीं. त्यानंतर एक अंडें गेलें व टरफल गडग्याशीं मिळालें. तिन्ही वेळां आमच्या गृहिणीनें "काकूंच्या कानांवर घाला" असें सुचविलें, आणि तिन्ही वेळां आम्ही "बघूं" म्हणालों. आमच्या घरीं सर्व मंडळी तापानें पडली असतां काकूंनीं आठ दिवस पेज पाठविली होती. ज्या घरची पेज खाल्ली त्या घरीं कुत्र्याची तक्रार कोणत्या तोंडानें न्यावी? भीड भिकेची बहीण, ही म्हण आम्ही वर्गांत अर्थासह शिकवितों. वाक्यांत उपयोगहि करून घेतों.

श्रावणांतल्या एका रविवारीं आम्ही सर्व उपासनेला गेलों होतों. परत आलों तों परसांत पांढरीं-करडीं पिसें पसरलेलीं. फणसाखालीं दोन, पोफळीशीं एक, खुराड्याच्या दाराशीं दोन, अशा पांच कोंबड्या पडल्या होत्या. एकहि खाल्लेली नव्हती. दोन गिरिराज लांकडांच्या रचाईमागें दडून बसल्या होत्या व तांबडी फणसाच्या उंच फांदीवर होती. ती संध्याकाळपर्यंत खालीं आली नाहीं. वाघ्या गडग्याच्या खिंडींत बसून शेपूट हालवीत होता, जणुं चेंडूच आणून दिला आहे.

कन्या रडली नाहीं. तिनें पांचहि कोंबड्या टोपलींत ठेवल्या, वही काढली, आणि खर्चाच्या बाजूस लिहिलें: 'पांच. वाघ्या.' मग ती जेवली नाहीं.

खावयाचें नव्हतें तर मारल्या कां, असा प्रश्न तिनें रात्रीं विचारला. कुत्रा हा मूळचा शिकारी प्राणी. पळणारें, फडफडणारें कांहीं दिसलें कीं पाठलाग करणें व पकडणें ही त्याची उपजत बुद्धि. पोट भरलेलें असलें तरी ती निजत नाहीं. एक कोंबडी निपचित पडली कीं दुसरी फडफडते, म्हणून तो दुसरीकडे वळतो. यांत द्वेष नाहीं, आणि पश्चात्तापहि नाहीं. गिरिराज अंगानें जड, तिला उंच उडतां येत नाहीं. गांवठी कोंबडी मात्र आपल्या रानकोंबड्या पूर्वजांची आठवण ठेवून झाडावर जाते. ज्या जडपणासाठीं आम्हीं ती जात पसंत केली, तोच तिला भोंवला.

दुसऱ्या दिवशीं सल्लागारांची रीघ लागली. कोणी म्हणाले, अंड्यांत तिखट भरून ठेवा. कोणी म्हणाले, दोन धोंडे नेमके बसले कीं पुन्हां येणार नाहीं. एका गृहस्थांनीं कांहीं न बोलतां खिशांतून कागदाची एक पुडी काढून आमच्या हातावर ठेविली. "मटणाच्या तुकड्यांत घाला. आवाज नाहीं, भांडण नाहीं," असें ते म्हणाले. आम्ही येथें खरें तेंच लिहितों: आम्हीं ती पुडी परत केली नाहीं. माजघरांतल्या उंच कोनाड्यांत ठेविली. दोन दिवस ती तेथें होती, आणि येतांजातां आमची दृष्टि तिकडे जात होती.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं कन्येनें विचारलें, "बाबा, त्या पुडींत काय आहे?"

"उंदरांचें औषध," आम्ही म्हणालों.

"पण आपल्याकडे उंदीर कोठें आहेत?" असें म्हणून ती आमच्याकडे पाहत राहिली. ती सातवींत आहे. तिला समजलें होतें. चेंडू आणून देणारा तो वाघ्या तिच्याहि ओळखीचा होता.

त्या रात्रीं आम्हीं पवित्र शास्त्रांतलें निर्गमाचें पुस्तक काढलें. त्याच्या एकविसाव्या अध्यायांत एकाच्या बैलानें दुसऱ्याचा बैल मारला तर काय करावें याचा नियम आहे. बैल मारका आहे हें धन्यास आधीं ठाऊक असून त्यानें तो बांधला नसेल, तर त्यानें बैलाबद्दल बैल द्यावा. ठाऊक नसेल, तर नुकसान दोघांनीं निमेनिम सोसावें. हा नियम आम्हीं पूर्वीं अनेकदां वाचला असेल. त्या रात्रीं तो आमच्यासाठींच लिहिल्यासारखा वाटला. वाघ्याच्या धनिणीस ठाऊक होतें काय? ठाऊक आम्हांस होतें. तीन वेळां पाहिलें होतें, आणि तिन्ही वेळां ओठ मिटून बसलों होतों.

सरकारी कायदाहि आम्हीं एका वकील स्नेह्यांस विचारला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाप्रमाणें विष घालून जनावर मारणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. जनावराविषयीं हयगय करणाऱ्या धन्यासहि २९१ व्या कलमांत शिक्षा आहे. परंतु तेथें विचार माणसाच्या जिवाचा व दुखापतीचा केलेला आहे, कोंबडीचा नाहीं. वकीलसाहेब हंसून म्हणाले, "फिर्याद करूं नका, गडगा बांधा."

पुडी ज्यांची त्यांस परत केली, आणि कन्येला घेऊन काकूंकडे गेलों. त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. खिंड, पिसें, अंडें, पांच कोंबड्या. पुडीचीहि सांगितली. काकूंचे हात थांबले. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "मास्तर, पहिल्या दिवशीं कां नाहीं सांगितलंत? मी त्याला दिवसा आंत कोंडला असता."

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं उठून डब्यांतून पैसे काढले व पांच कोंबड्यांचे दीड हजार होतात असा हिशेब केला. आम्हीं निर्गमाचा नियम सांगितला व निमे, म्हणजे साडेसातशें, एवढेच घेण्याचें कबूल केलें. डब्यांत पांचशेंच निघाले. मग त्या हळूच म्हणाल्या, "लोक म्हणतात, टेंपोंत घालून घाटापलीकडे सोडून या. सोडूं का हो?" असें जनावर टाकून देणें १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणाऱ्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हें आम्ही सांगणार होतों, पण त्याआधींच कन्या "नको, काकू" असें म्हणून गेली, आणि तेवढें पुरें झालें.

पुढचे पंधरा दिवस हातांना फोड आले. गडगा गड्याकडून पुन्हां रचून घेतला. कोंबड्यांसाठीं फणसाखालीं जाळीचें अंगण केलें. षट्कोनी भोंकांची बारीक तारेची जाळी कोंबडी आंत ठेविते, पण कुत्र्यास बाहेर ठेवीत नाहीं. तो ती दातांनीं फाडतो. म्हणून जाड तारेची, जोड दिलेली चौकोनी जाळी घेतली. तिचा खालचा हातभर भाग बाहेरच्या अंगास आडवा वळवून मातींत पुरला. कुत्रा नेहमीं जाळीच्या अगदीं बुडाशीं उकरतो; तेथें त्याच्या नखांस तारच लागते, आणि मागें सरकून उकरावें हें त्याला सुचत नाहीं. दाराला दोन कड्या लाविल्या, कारण एक लावावयास आम्ही विसरतों. काकूंच्या अंगणांत दोन खांबांमध्यें तार ताणून तीवर एक कडी घातली व वाघ्याची सांखळी त्या कडींत अडकविली; तो आतां खांबापासून खांबापर्यंत हवा तसा धांवतो, आणि काकूंच्या मनगटास हिसका बसत नाहीं. सकाळ-संध्याकाळ आम्ही त्याला पाणंदीनें फिरवून आणतों. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन पिसाळरोगाची लसहि टोंचून घेतली. ती तोंपर्यंत कोणीं टोंचलीच नव्हती, हें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. मुलें रोज त्याच्याशीं खेळत होतीं.

वाघ्या सुधारला, असें मात्र कोणीं समजूं नये. जाळीजवळून नेतांना अजूनहि त्याचें अंग ताठ होतें व दोरी तारेसारखी ताणली जाते. गेल्या हिवाळ्यांत एकदां गळपट्टा निसटून तो पहांटेच आला. जाळीच्या बुडाशीं त्यानें अर्धें अंग मावेल एवढा खड्डा केला होता, आणि पुरलेल्या तारेनें एक नख रक्तबंबाळ झालेलें होतें. कोंबड्या आंत फणसाच्या आडव्या फांदीवर बसून ओरडत होत्या. काकू स्वतः कंदील घेऊन गडग्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, या वेळीं मी आधीं सांगायला आलें."

तांबडी या वर्षीं खुडूक बसली व एकवीस दिवसांनीं तिनें नऊ पिलें काढलीं. त्यांतलीं दोन काकूंच्या परसांत, निराळ्या जाळींत आहेत. कोंबडीखात्यांत 'वाघ्या' या नांवाखालीं अडीचशें रुपये येणें होतें. आम्हीं तें खोडून टाकावें म्हणून कन्येस सुचविलें. परंतु काकूंनीं खोडूं दिलें नाहीं. त्या दर महिन्यास आमसुलें आणून देतात, आणि कन्या त्यांच्यासमोर बसून तीं बाजारभावानें जमा करिते. परवांच्या हिशेबाप्रमाणें साठ रुपये बाकी आहेत.