कोलीत

माकडाच्या हाती कोलीत. परवापासून ही म्हण डोक्यातून जात नाही. म्हण सुरू होते ती कोलीत हाती गेल्यावर. ते दिलं कुणी, काढून घ्यायचं कसं, यावर चकार शब्द नाही. बंदुकांच्या बाबतीत अमेरिकेचं घोडं नेमकं तिथंच अडलंय. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत 20 चिमुरडी आणि 6 मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी वाढवायचा साधा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. बाजूनं 54 मतं पडूनही तो पडला, कारण 60 हवी होती. त्यात इवल्याशा लोकसंख्येच्या वायोमिंगचे सिनेटर दोन आणि अवाढव्य कॅलिफोर्नियाचेही दोनच. शिवाय शस्त्राचा हक्क 1791 पासून घटनेतच बसलेला.

आमच्या मंद्रूप गावात हे किती सोपं! निवडणूक लागली की ठाण्यातून सांगावा येतो आणि पीक राखणीच्या परवान्यावरची बंदूक आमचे एक अण्णा निमूट जमा करून येतात.

पण हा निमूटपणा आला कुठून? 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांचा. गोऱ्यांना सूट, आपल्याला परवाना. म्हणजे तेव्हा माकड आपणच होतो. म्हणून तर 1931 साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनानं मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामतांनी तो घटना समितीपुढं मांडला, आंबेडकरांनी नाकारला. सरसकट सगळ्यांना कसा द्यायचा, हा त्यांचा सवाल. मला पटतो. फक्त इंग्रजही जवळपास हेच म्हणत होते, हे काही पचत नाही.

तसं पाहिलं तर अण्णांची बंदूक उडते कितीदा? शाळूची खरी राखण गोफणीनं व्हायची. माळ्यावर उभं राहून पोरंबाया धोंडा असा भिरकावायच्या की वरच्या बांधापर्यंत सणसणत जाई. डोक्यात बसला तर माणूस मरेल, पण गोफणीला परवाना कुणी मागितला नाही. धोंडा मारायला अंगात कसब लागतं म्हणून? की पोरंबायांची भीती कुणाला वाटलीच नाही म्हणून? आता गोफण फिरवणारं कुणी मिळत नाही. शेताला जुन्या साड्या बांधतात, आणि पाखरं त्यांच्यावरच बसतात.

बंदुकांचं म्हणाल तर, 2019 मध्ये माणशी परवान्यावरच्या बंदुका तीनवरून एकीवर आणायचं सरकारनं ठरवलं होतं. ओरड झाली, दोनवर भागलं.

अण्णांना विचारलं, "कायमची जमा करा म्हणाले तर?"

"करीन की. आधी शेजारच्या वस्तीवाल्याची घ्या."

हेच टेक्सासातल्या कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. अण्णांपुढं मान डोलावली.